सरकलेल्या ऋतूंतली शुश्रूषा : मावळचा अनुभव

मावळ तालुक्यात आरोग्य खात्याचे वर्ष पावसावर आखलेले असते. उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरी, हातपंप आणि नळयोजनांची पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मे महिन्यात जोखमीच्या गावांची यादी निघते. कोणत्या ओढ्याला पूर आला की कोणत्या वाडीचा रस्ता तुटतो, तिथे किती बायका गरोदर आहेत, जून ते सप्टेंबरमध्ये बाळंतपण कोणाचे, औषधे कोणाच्या घरी ठेवायची, हे सारे त्या यादीत येते. मृगाच्या सुमारास ओआरएसची पाकिटे आणि क्लोरीनचे द्रावण गावोगाव पोचलेले असावे, असा हिशेब. हा क्रम कोणी टेबलावर बसून ठरवलेला नाही. वर्षानुवर्षांच्या कामातून तो बसत गेला आहे.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबई-पुण्यात दाखल झाला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो आल्याची नोंद १९५० पासून नव्हती, आणि त्याआधीचे दिवसही अवकाळीने भिजवले होते. तयारीसाठी धरलेला पंधरवडाच पावसाचा निघाला. परिचारिकेपर्यंत हवामानबदल पोचतो तो बहुधा असा. तो अनोळखी रोग क्वचितच आणतो. जुनेच ताप, जुनेच जुलाब, जुनेच अपघात वेळ चुकवून येतात, जागा बदलून येतात, कधी दोन-तीन एकदम येतात. म्हणून आरोग्यसेवेचे पहिले उत्तरही साधेच असायला हवे. तारखेवर बांधलेले काम सोडवून ते हवेच्या आणि पावसाच्या प्रत्यक्ष खुणांवर बांधायला हवे.

मावळात हे ठळक दिसते, कारण इथे थोडक्या अंतरात हवामान पार बदलते. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तिथून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या तळेगावला तो कितीतरी उतरलेला असतो. मधे पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळ ही तीन खोरी. खोऱ्यांच्या टोकाला ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या, तर महामार्गाच्या कडेला कारखाने, बंगले आणि हॉटेले. कार्ला, खडकाळा, येळसे, टाकवे बुद्रुक इथली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांची उपकेंद्रे हा सगळा पसारा सांभाळतात. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. कागदावर हा आकडा लहान वाटतो. पण तीन हजार माणसे डोंगराच्या तीन सोंडांवर विखुरलेली असली की एका आरोग्यसेविकेचा दिवस चालण्यातच जातो.

एकेकाळी याच हवेसाठी लोक इथे येत. आजारातून उठलेल्याला लोणावळ्याला किंवा तळेगावला हवापालटासाठी पाठवणे ही मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची रीत होती. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले. मावळची हवा औषधी हा समज अजून टिकून आहे, आणि काही बाबतीत तो आता आडवा येतो. त्याविषयी पुढे.

डोंगर खचण्याची भीती या भागाला नवी नाही. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ती खालापूर तालुक्यात, म्हणजे लोणावळ्याचा घाट उतरताच. तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एखाद्या वाडीवर दरड पडली ती हवामानबदलामुळेच, असे एकेका घटनेबद्दल म्हणता येत नाही. उताराची कापाकापी, झाडतोड, मुरुमासाठी पोखरलेल्या टेकड्या यांचाही त्यात वाटा असतो. आरोग्यसेवेला मात्र कारणाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.

तिच्या हातात असते ती बाळंतपणांची यादी. पूर्वी पावसाळ्यातल्या तारखांच्या बायकांना जूनमध्ये हलवायचे ठरे. रस्त्याकडेच्या गावातली बहीण, कामशेतची मावशी, नाहीतर माहेर. आता ही बोलणी एप्रिलमध्येच सुरू करावी लागतात, आणि ती एका भेटीत होत नाहीत. घरी म्हातारे सासू-सासरे, गोठ्यात जनावरे, लावणीला माणूस कमी. सून दीड महिना आधी निघून गेली तर घर कसे चालायचे, हा सासूचा प्रश्न खरा असतो. अनुभवी सिस्टर तिथे धोक्याची भीती घालत नाही. "आजी, ओढ्याला पाणी आलं तर हिला झोळीतून खाली न्यायला चार माणसं कुठून आणायची, ते आत्ताच ठरवू या," असे ती म्हणते. चार नावे निघतात. त्यातला एक मुंबईला, एक भट्टीवर, एकाचा गुडघा दुखतो. मग सासूच म्हणते, पाठवते. माळीण आणि इर्शाळवाडीनंतर या बोलण्याला आणखी एक बाजू आली आहे. जोराच्या पावसात झोप न लागणे, लहान मुलांचे दचकून उठणे, ढग गडगडले की सगळी वाडी बाहेर येणे अशा तक्रारी घरभेटीत येऊ लागल्या, तर त्या ऐकून घेऊन नोंदवणे हेही आरोग्यसेविकेचेच काम आहे. तपासणीच्या कार्डावर त्यासाठी रकाना नसतो.

वीज जाणे हा मावळातल्या पावसाळ्याचा नित्याचा भाग. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकलेले निसर्ग चक्रीवादळ घाट चढून वर आले तेव्हा मात्र गोष्ट निराळी होती. मावळ-मुळशीत घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस फाटली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्यात करोनाचा पहिला उन्हाळा. अशा वेळी आरोग्य केंद्रातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे लसींचे शीतकपाट, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही. वीज गेली की पहिला नियम, झाकण उघडायचे नाही. आतल्या बर्फाच्या अस्तरावर कपाट बरेच तास तग धरते. त्यानंतरही वीज आली नाही तर लसी कोल्ड बॉक्समध्ये हलवायच्या, आणि खरे कौशल्य इथे लागते. डीप फ्रीझरमधून काढलेली दगडासारखी घट्ट बर्फाची पेटी लसीला लावली तर पेंटाव्हॅलंट आणि टीडीच्या लसी गोठतात आणि निकामी होतात. म्हणून पेट्या टेबलावर मांडून ठेवायच्या. त्यांना घाम फुटला पाहिजे, आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला पाहिजे. मगच त्या बॉक्समध्ये लावायच्या. बाहेर वादळ आणि हातात विजेरी असताना तोवर धीराने थांबणे सोपे नसते. कुपीवरच्या निळसर वर्तुळातला चौकोन अजून वर्तुळापेक्षा फिका आहे ना, हे तपासूनच दुसऱ्या दिवशीचे सत्र घ्यायचे.

लसींइतकीच काळजी ऑक्सिटोसिनची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे हे इंजेक्शनही थंडाव्यात ठेवायचे असते. तापून गेलेली कुपी दिसायला तशीच राहते. तिचा जोर गेला आहे हे कळते ते बाई टेबलावर असताना. म्हणून दुर्गम केंद्रांच्या छपरावर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवणे ही चैन समजू नये. छत्तीसगडने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रे सौर विजेवर आणून दाखवली आहेत. सह्याद्रीत चार महिने ढग असतात हे खरे, पण शीतकपाट, प्रसूतिगृहातला दिवा आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर यांपुरते नियोजन नेटके केले तर इथेही ते उपयोगी पडेल.

पाण्याचे काम अधिक जुने आणि अधिक दुर्लक्षित. मोठा पाऊस झाला की वरच्या अंगाचे सगळे धुऊन विहिरीत येते. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायची हे सर्वांना ठाऊक आहे. पण चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि ओलाव्याने ते उडून जाते. लोणावळ्याच्या बाजूला जुलैत भिंतींनाही बुरशी धरते. तिथे ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात महिन्याभराने काय उरत असेल, याची कल्पना यावी. म्हणून ओटी चाचणीला महत्त्व. काचेच्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे, आणि पिवळा रंग येतो का पाहायचे. क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले हवे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर न घेता वस्तीच्या शेवटच्या घरी घ्यावी, कारण नळी कुठे फुटली असेल तर ती तिथेच कळते. शेवटच्या घराच्या नळाला रंग आला नाही, की जुलाबाच्या रुग्णांची वाट न पाहता जलसुरक्षकाला फोन करायचा. अतिवृष्टीच्या इशाऱ्याला ही चाचणी जोडणे बिनखर्चाचे आहे. रेड अलर्ट येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ओटी, वार कोणताही असो.

डेंग्यूच्या बाबतीत मावळचे दोन भाग दोन तऱ्हांनी वागतात. हवामानशास्त्र संस्थेतल्याच सोफिया याकोब आणि रॉक्सी कोल यांचा पुण्याच्या आकडेवारीवरचा अभ्यास २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, हवेतला ओलावा ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सतत विभागून पडणारा असला, तर डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू आटोक्यात राहतो. २०३० पर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू १३ टक्क्यांनी वाढू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. हे वाचून लोणावळ्याने निर्धास्त राहावे असे वाटेल. पण पावसात मोठे खंड पडू लागले आहेत. घाटातही आठ-दहा दिवस उघडीप मिळाली, ऊन तापले, की बंगल्यांच्या गच्चीवरच्या टाक्या, हॉटेलमागची भंगारातली डबडी, पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकच्या घड्यांत साचलेले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला पुरते. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यात अळ्या शोधायला कोण जाणार, ही आशाताईंची नेहमीची अडचण. दार उघडायला माळी असतो आणि मालक फोनवर. तळेगाव, देहूरोडच्या बाजूला उलट पाणीटंचाईमुळे घरोघर पिंपे भरलेली. कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, हे सांगणे तिथे कठीण, कारण नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. पिंपावर घट्ट कापड बांधणे, टाक्यांत गप्पी मासे सोडणे हे तिथले व्यवहार्य उपाय.

या अभ्यासातली सर्वांत उपयोगी बाब म्हणजे दोन महिने आधी इशारा देणे शक्य आहे. तो इशारा पाषाणच्या या हवामानशास्त्र संस्थेतून जिल्हा परिषदेपर्यंत आणि तिथून उपकेंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर, साध्या मराठीत, पोचायला हवा. पाषाण ते कामशेत हे अंतर फार नाही. २०२१ साली राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात झिका पसरला. दोन्ही वेळी घरोघर जाऊन तापाचे रुग्ण आणि गरोदर महिला शोधण्याचे काम आशा आणि आरोग्यसेविकांच्या याच फळीने केले.

भातलावणीच्या दिवसांत बाह्यरुग्ण विभागात पाय दिसू लागतात. दिवसभर खाचरात उभे राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलवटतात, चिरतात. त्याला चिखल्या म्हणतात. बाई येते ती मलम मागायला, आणि तेवढे देऊन तिला परत पाठवणे सोपे असते. त्याच पाण्यात उंदराचे मूत्र मिसळलेले असते आणि त्याच भेगांतून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू शरीरात शिरतो. म्हणून जाणती परिचारिका मलम हातात देताना विचारते, ताप आला होता का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झाले होते का. पोटऱ्यांच्या दुखण्याला कोणीही आजार समजत नाही, कारण लावणीत सगळ्यांच्याच पोटऱ्या दुखतात. ताप आणि ते दुखणे एकत्र दिसले की डॉक्टरांकडे. पाऊस मागेपुढे झाला की लावणीही मागेपुढे होते, त्यामुळे ही दक्षता जुलैपुरती ठेवून भागत नाही. सर्पदंशाचेही तसेच. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घाटातल्या झाडीत भेटणाऱ्या हिरव्या चापड्यावर चालत नाही. कोणता साप हे ओळखण्यात वेळ न घालवता रुग्णाला १०८ च्या गाडीत घालणे महत्त्वाचे.

आता उष्म्याविषयी. मावळ थंड हवेचा, हा समज इथेच घात करतो. पवन मावळात आणि तळेगावच्या परिसरात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत आणि आत राबणाऱ्यांत बायका पुष्कळ. मार्च-एप्रिलच्या दुपारी प्लॅस्टिकच्या छताखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, हवा कोंदट असते, आणि फवारणीच्या दिवशी अंगावर जाड कपडेही असतात. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांना तर सावलीच नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी तिथे विदर्भासारखे ऊन नव्हते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, पण हवेत दमटपणा होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही.

अशा रुग्णाच्या बाबतीत परिचारिकेचा हात डॉक्टरांच्या आधी पोचतो. अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा बेशुद्ध आहे, म्हणजे उष्माघात समजायचा. आधी थंड करायचे, मग हलवायचे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहणे, पंखा, मान, काखा आणि जांघांत बर्फ. टाकी किंवा टब असेल तर त्यात बसवणे उत्तम. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. याहून महत्त्वाचे काम त्याआधीचे. रक्तदाब तपासायला आलेल्या बाईला विचारावे, "काम कुठं करता?" लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ती पॉलिहाऊसमध्ये कामाला असेल, तर ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी. नव्याने उन्हात कामाला लागलेल्या माणसाच्या शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, हे मुकादमाला सांगावे. बायका लघवीला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यावर ओआरएस हे उत्तर नव्हे, शौचालय हे आहे, आणि ते मालकाला तोंडावर सांगण्याची हिंमत आरोग्यसेविकेने केली तर तिच्या पाठीशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी उभे राहिले पाहिजे. केंद्राच्या राष्ट्रीय हवामानबदल व मानवी आरोग्य कार्यक्रमामुळे १ मार्चपासून उष्माविकारांची दैनंदिन नोंद पाठवावी लागते. रुग्णालयात उष्माघात कक्षही असतो. पण घाटमाथ्याच्या तालुक्यात तो कक्ष रिकामा राहील असे गृहीत धरले जाण्याचा धोका आहे.

पर्यटकांचे अपघात वेगळ्या जातीचे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. दुसऱ्या घटनेला हवामानाचे नाव देणे चुकीचे ठरेल. तो पूल धोक्याचा आहे हे ठाऊक होते. पहिल्यात मात्र डोंगरावर पडलेल्या पावसाने खालचा प्रवाह क्षणात फुगतो, ही गोष्ट कळीची. शिवदुर्ग मित्रसारखी लोणावळ्याची बचाव मंडळी पाण्यात उतरतात, आणि काठावर आणलेल्या माणसाला श्वास देण्याचे काम कोणाला तरी येत असावे लागते. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, नुसती छाती दाबत बसायचे नाही, हे हॉटेलचे कर्मचारी, टपरीवाले आणि जीपचालक यांना दर मे महिन्यात शिकवता येईल. पावसाळी रविवारी कार्ल्यापासून भुशीपर्यंत गाड्यांची रांग लागते तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंत तिथे तीच माणसे असतात.

आरोग्यसेवा स्वतःही हवा तापवते. २०१९ सालच्या एका जागतिक अहवालानुसार जगातल्या निव्वळ उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यक्षेत्राचा आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात २०१८ पासून परिचारिकांनी गरज नसताना हातमोजे घालणे थांबवले आणि पहिल्या वर्षात २१ टन प्लॅस्टिक वाचवले. भुलीच्या डेस्फ्लुरेन वायूला पर्याय शोधणे हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांचे काम. टाकव्याच्या केंद्रावर कर्बउत्सर्जनाचा हिशेब लादणे अन्यायाचे होईल. तिथला प्रश्न वेगळा आहे. जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम, आणि रस्ता खचला की कचऱ्याची गाडी येत नाही. अशा वेळी पिवळ्या-लाल पिशव्यांसाठी उंचावरची, कोरडी, कुलपाची खोली आधीच ठरवलेली हवी.

हे सगळे काम ज्यांच्या पायांवर चालते त्या आशांना आजही कामागणिक मोबदला आणि वर ठरावीक मानधन मिळते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्यांनी राज्यभर संप केला आणि आझाद मैदानावर ठाण मांडले. बाळंतपणाला, लसीकरणाला मोबदला आहे. रेड अलर्टच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या नळाची चाचणी, पॉलिहाऊसच्या दारातली चौकशी, सुनेला खाली पाठवण्यासाठी सासूकडे मारलेल्या चार खेपा यांना स्वतंत्र मोबदला नाही. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात ही कामे नावाने लिहिली गेली आणि त्यांचा पैसा ठरला, तरच ती दर वर्षी होतील. आराखडा मार्चमध्ये मंजूर होतो. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी, म्हणजे पाऊस कधी आला, ताप कोणत्या आठवड्यात वाढला, रस्ता किती दिवस बंद होता, या प्रत्येक उपकेंद्राने डिसेंबरपर्यंत तालुक्याला पाठवलेल्या हव्यात.